दहावा टो

फियोना डाबरेला विमान चालवता येत होतं, पण दुसरं विमान मागे बांधून ओढता येत नव्हतं. ही विद्या वेगळी असते, हे तिला प्रल्हाद सबनीसांनी सांगितलं. तेही दुबईच्या करामा भागातल्या एका उडप्याकडे, समोरच्या इडल्या गार होईपर्यंत.

"तुझ्याकडे लायसन्स आहे, पण उड्डाणाचे तास नाहीत," ते म्हणाले. "आमच्या ग्लायडिंग क्लबकडे ओढणारं टो प्लेन आहे, पण पायलट नाही. आहे तो मेमध्ये कायमचा घरी चाललाय, त्याच्यानंतर कुणी नाही. मग अडलंय कुठे?"

"काका, मला ग्लायडरमधलं काहीच कळत नाही."

"कळायला नकोच आहे. ग्लायडरला इंजिन नसतं, एवढं कळलं की पुरे. तू पुढून ओढायचं, आरशात आमच्यावर नजर ठेवायची आणि दोन हजार फुटांवर नेऊन पोचवायचं. तिथून आम्ही दोर सोडतो आणि घारीसारखे गरम हवेवर फिरत बसतो. तुला फुकटात तास मिळतात. यल्ला, चल, हो म्हण."

फियोना अठ्ठावीस वर्षांची होती. मूळ वसईची, जन्म मात्र दुबईतला. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथेच झालेलं. तिचे वडील हेन्री आणि सबनीस फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर वीस वर्षं एकाच पाळीत होते. कोविडच्या पहिल्या लाटेत हेन्री गेले. तेव्हा दफनविधीला घरचे म्हणून आत सोडलेल्या चार माणसांमध्ये सबनीस होते. त्यानंतर दर महिन्याला ते आणि त्यांच्या बायको अपर्णाकाकू फुजैराहून गाडी काढून करामाला यायचे, फियोनाच्या आईजवळ तासभर बसायचे, जाताना फियोनाला काय चाललंय विचारायचे. सुरुवातीला ती त्यांना अंकल म्हणायची. "अख्खा करामा अंकल आहे," ते एकदा चिडून म्हणाले, "मला काका म्हण." तेव्हापासून ते काका झाले. सबनीसांना मूलबाळ नव्हतं.

फियोना दिवसभर एअर कार्गोच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला बसायची. कुठल्या मालाला कुठले कागद लागतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण तिला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचं होतं, आणि तिथे दार उघडायला तास लागतात. म्हणून ती हो म्हणाली.

क्लब म्हणजे वाळवंटातली एक डांबरी धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, तीन ग्लायडर आणि पिवळ्या पंखांचं एक जुनं दोन सीटचं विमान. थंडीच्या दिवसांत शनिवारी सकाळी तिथे वीसेक माणसं जमायची. शिकवायला कॅप्टन हारुन होते. साठीला टेकलेला, कराचीचा माणूस. तरुणपणी सिंधमध्ये कपाशीवर औषध फवारणारी विमानं चालवलेली, त्यामुळे जमिनीलगत उडायची भीती कधीच मेलेली. पण दोराची भीती मात्र त्यांनी जपून ठेवली होती, आणि पहिल्या दिवशी तीच त्यांनी फियोनाला शिकवली.

विमानाच्या पंखाला जी तिरकी दांडी होती, तिच्यावर मोटारीला असतो तसा गोल आरसा बसवलेला होता. हारुन त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बेटा, इस आईने में ग्लायडर दिखना चाहिए. थोड़ा ऊपर, थोड़ा नीचे, चलेगा. लेकिन अगर वो ऊपर की तरफ़ आईने से ग़ायब हो गया, तो समझो तुम्हारी दुम उठ रही है. नाक नीचे जाएगी. दो-तीन सेकंड हैं तुम्हारे पास. सोचना नहीं, पूछना नहीं. ये हैंडल खींचना."

सीटच्या डाव्या बाजूला लाल रंगाचं एक हँडल होतं. ते ओढलं की विमानाच्या शेपटीतला आकडा उघडून दोर सुटायचा.

"आणि ग्लायडरमधल्या माणसाचं काय?" फियोनाने विचारलं.

"उसके पास पंख हैं. वो उतर जाएगा. पीछे कौन बैठा है, ये मत देखना. भाई हो, बाप हो, खींचना."

क्लबचा नियम असा की नव्या टो पायलटने आधी पाच वेळा ग्लायडरमध्ये बसून वर जायचं, दोराच्या दुसऱ्या टोकाला कसं वाटतं ते समजून घ्यायला. मग हारुनना मागच्या सीटवर बसवून दहा टो करायचे. दहावा टो हीच परीक्षा. पहिल्या पाच फेऱ्यांना ती काकांबरोबरच बसली. दोर सुटला की इंजिनाचा आवाज दूर जायचा आणि नुसती हवेची सळसळ उरायची. काका मग गप्प व्हायचे. जमिनीवर इतकं बोलणारा माणूस वर एक शब्द बोलत नाही, याचं तिला नवल वाटलं.

टो शिकायला ती बसली तेव्हा कळलं की हात विमानाला कितीही सरावलेला असला तरी इथे तो नव्याने घडवावा लागतो. मागे साठ मीटर दोर आणि त्याच्या टोकाला माणूस. वळण घ्यायचं तर हळू, नाहीतर तो बाहेर फेकला जातो. ग्लायडर सुटल्यावर एकदम इंजिन कमी करायचं नाही, तापलेलं इंजिन अचानक गार झालं तर तडकतं. उतरताना कुंपणावरून उंच यायचं, कारण मोकळा दोर खाली लोंबत असतो. पहिल्या टोला तिने तो कुंपणाच्या तारेत अडकवला. जहूर नावाचा पठाण मेकॅनिक तो सोडवत बराच वेळ उन्हात उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तार मेरी है, रस्सी भी मेरी है. अगली बार दोनों को मिलाना मत."

खरी अडचण वेगळीच होती. तिच्या टोच्या मागे कुणीतरी ग्लायडर घेऊन बसायला हवं, आणि शिकाऊ पायलटच्या मागे बसायला कुणी राजी नसायचं. हौशी माणसांना एकच सकाळ मिळायची, ती त्यांना धक्के खाण्यात घालवायची नव्हती. काका मात्र दर शनिवारी फुजैराहून डोंगर ओलांडून यायचे. टोपी काढून म्हणायचे, "चला, डाबऱ्यांची पोर आज मला कुठे आपटतेय बघू." डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिचे चार टो झाले. चारही वेळा मागे काकाच होते.

नाताळच्या आधीच्या शनिवारी ती शिकत नव्हती, नुसतीच मदतीला गेली होती. काका एकट्याच्या ग्लायडरमध्ये वर गेले होते. तासाभराने उतरले, तर ठरलेल्या जागी न थांबता धावपट्टीच्या पार शेवटापर्यंत घरंगळत गेले. ग्लायडर थांबला, एक पंख जमिनीला टेकला, पण वरची काच काही उघडली नाही. फियोना ग्लायडर ओढून आणायची जीप घेऊन गेली. काच तिनेच उघडली.

आत काका ताठ बसले होते. चेहरा राखेसारखा. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि हवा तर चांगली गार होती.

"पाणी आहे का गं?" ते म्हणाले.

तिने बाटली दिली. त्यांना ती धरता येईना, हात थरथरत होता. तिनेच तोंडाला लावली.

"काका, काय झालं?"

"काही नाही. वर असताना जरा डोळ्यांपुढे अंधारी आली. मिनिटभर. का दोन मिनिटं, कुणास ठाऊक. शुद्धीवर आलो तेव्हा ग्लायडर आपला आपणच फिरत होता. गुणी यंत्र आहे."

"मी कॅप्टनना बोलावते."

काकांनी तिचं मनगट धरलं. "फियोना, ऐक. मार्चअखेर माझी नोकरी संपते. व्हिसा संपतो. काकूने खोके भरायला घेतलेत. साताऱ्याला जाऊन मी काय उडवणार, पतंग? हे एवढे दहा-बारा शनिवार उरलेत. हारुनला कळलं तर तो आजच माझं नाव काढील. आणि काकूला कळलं तर संपलंच."

"पण डॉक्टर?"

"जातो ना. सोमवारीच जातो. शब्द देतो."

ती बोनेटला टेकून उभी राहिली. लांबून जहूर हात हलवून विचारत होता, काय झालं म्हणून. तिने अंगठा वर केला. तो अंगठा तिला पुढे फार दिवस आठवत राहिला.

पुढच्या आठवड्यात काकांचा मेसेज आला: ईसीजी नॉर्मल. नुसतं पित्त होतं. खलास. फियोनाने तो दोनदा वाचला. रिपोर्टचा फोटो पाठवा, असं तिने टाइप केलं आणि पुसलं. वडिलांच्या वयाच्या माणसाकडे पुरावा मागायचा कसा, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तिचे सहा टो बाकी होते आणि मागे बसणारा माणूस एकच होता, हेही तिला त्याच क्षणी माहीत होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त बोचलं ते हे.

जानेवारीत धुक्याने दोन शनिवार खाल्ले, फेब्रुवारीत वाळूच्या वाऱ्याने एक. तरी एकेक करत नऊ टो झाले. काका ठणठणीत दिसत होते. फियोना दर वेळी त्यांना निघताना विचारायची, "बरं वाटतंय ना?" ते दोराकडे बघत म्हणायचे, "तुझं बघ." हळूहळू तिने विचारणं सोडून दिलं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी दहावा टो होता. सकाळ स्वच्छ होती, वारा नाकासमोर. हारुन मागच्या सीटवर बसून पट्टा आवळत म्हणाले, "आज मैं पीछे सामान हूँ. सामान बात नहीं करता." जहूरने दोर अडकवला, ग्लायडरचा पंख उचलून धरला. रेडिओवर काकांचा आवाज आला, "रेडी, मॅडम." दोर ताणला गेला. फियोनाने थ्रॉटल पूर्ण पुढे नेला.

ग्लायडर आधी उचलला, मग विमान. कुंपण खालून गेलं, मग उंटांचा गोठा, मग नुसती तांबूस वाळू. पाचशे फूट. सातशे. आरशात ग्लायडर जागच्या जागी होता, कुणी चिकटवून ठेवल्यासारखा. काकांचा हात असा होता की मागे वजन आहे हे विसरायला व्हायचं. नऊशे फुटांवर तिने डावीकडे हलकं वळण घ्यायला सुरुवात केली आणि आरशात पाहिलं. ग्लायडर आरशाच्या वरच्या कडेला होता. तिला वाटलं, काका आज जरा वर आहेत. तेवढं वाटेपर्यंत आरसा रिकामा झाला.

पुढचं तिने विचार करून केलं नाही. शेपूट वर खेचली गेली, समोरचं क्षितिज वर सरकून काचेत सगळी वाळू भरली, ती सीटवरून उचलली जाऊन पट्ट्यात लटकली. हाताला हँडल लागलं. ओढलं. एक धक्का बसला आणि विमान एकदम मोकळं झालं. "छोड़!" असं हारुन ओरडले तेव्हा दोर सुटलेला होता.

तिने नाक वर आणलं. खाली तीन-साडेतीनशे फूट उरले होते.

"काका!" ती रेडिओवर म्हणाली. "काका, रिलीज्ड. आर यू ओके?"

उत्तर आलं नाही. हारुननी मागून पाहिलं. ग्लायडर आधी उभा चढला, मग थबकून नाक टाकून खाली आला, मग सरळ झाला. आपला आपणच सरळ झाला. मग मोठमोठी, सावकाश वळणं घेत, कुणीतरी उतरायची जागा निवांत शोधत असावं तसा, तो वाळूच्या एका टेकाडामागे गेला.

"हेडिंग रखो. उतरो," हारुन म्हणाले. "अच्छे से उतरो. अभी रोना नहीं."

ती चांगलीच उतरली. कुंपणावरून उंच आली, दोर नव्हता तरी.

अँब्युलन्स येण्याआधी जहूर जीप घेऊन पोचला होता. ग्लायडरचा एक पंख मोडला होता, बाकी तो जवळजवळ शाबूत होता. काका आत बसलेले होते. पोलिसांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. जमिनीला लागण्याआधीच, बहुधा नऊशे फुटांवरच, हृदय बंद पडलं होतं. हात आखडला असेल, त्यात ग्लायडर वर-खाली करायची काठी पोटाशी ओढली गेली असेल. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने फियोनाला सांगितलं की तिने दोन सेकंद उशीर केला असता तर तीन माणसं गेली असती. हारुननी त्याच आठवड्यात तिच्या लॉगबुकात दहाव्या टोपुढे सही केली. नियमाने करावीच लागत होती. शेरा होता: इमर्जन्सी रिलीज, समाधानकारक.

फियोनाने तो शेरा वाचून वही मिटली.

मृतदेह मुंबईला न्यायचा होता. पोलिसांचा दाखला, मृत्यूचा दाखला, वकिलातीचं ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का. कागद हेच फियोनाचं काम. अपर्णाकाकूंना तिने एकाही खिडकीपुढे उभं राहू दिलं नाही. शेवटी पेटी विमानाने पाठवायचं एअरवे बिल तिच्याच टेबलावर आलं. शेजारचा सहकारी म्हणाला, "तू राहू दे, मी करतो." ती नको म्हणाली. मालाचा प्रकार या रकान्यात तिने नेहमीचे दोन शब्द लिहिले, मानवी अवशेष. वजनाच्या रकान्यात पेटीसकट वजन लिहिलं. पाठवणाऱ्याच्या नावाशी अपर्णा प्रल्हाद सबनीस असं लिहिताना मात्र तिला उठून बाहेर जावं लागलं.

विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. त्या दुपारी ती कागद घेऊन फुजैराला गेली.

फ्लॅटमध्ये खोके भिंतीला लावून रचलेले होते. एकावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं: स्वयंपाकघर, काचसामान, हळू. काकूंनी चहा टाकला. साखरेचा डबा भरलेल्या खोक्यात गेला होता, म्हणून शेजारणीकडून साखर आणली. दोघी जमिनीवर बसल्या.

"तू होतीस म्हणून निभावलं," काकू म्हणाल्या. "शेवटची वेळ होती त्यांची, ती तुझ्याबरोबर गेली. परक्याबरोबर नाही."

फियोनाने कप खाली ठेवला. हे ऐकून घेऊन गप्प बसणं तिला शक्य होतं. गाडीत येताना तिने तसं ठरवलंही होतं.

"काकू, मला एक सांगायचंय."

तिने सांगितलं. नाताळच्या आधीचा शनिवार, न उघडलेली काच, अंधारी, दिलेला शब्द, ईसीजीचा मेसेज. काकू ऐकत होत्या.

"आणि ते गेलेच नव्हते डॉक्टरकडे," फियोना म्हणाली. "मी परवा चौकशी केली. त्यांच्या विम्याच्या कार्डावर एकाही व्हिजिटची नोंद नाही."

काकू त्या खोक्यावरच्या अक्षरांकडे बघत म्हणाल्या, "डिसेंबर. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी. अडीच महिने मी रोज डब्यात लोणचं देत होते. दोन फोडी, वर तेल. पापड तळत होते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "निदान मीठ तरी बंद केलं असतं गं मी. एवढं तरी मला करता आलं असतं."

"काकू, सॉरी. त्यांनी सांगितलं होतं की—"

"त्यांनी सांगितलं. ते सांगणारच. तू का ऐकलंस?"

फियोनाने खरं ते सांगितलं. "माझे सहा टो राहिले होते."

काकू उठल्या. फियोनाचा कप उचलला. त्यात अर्धा चहा होता. तो त्यांनी मोरीत ओतला, कप विसळला, पुसला, कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला.

"जा तू आता," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उद्या एअरपोर्टला येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती एअरपोर्टला गेली नाही. ऑफिसच्या काचेतून तिला ते विमान धावपट्टीकडे जाताना दिसलं, तेवढंच.

त्याच आठवड्यात तिने चौकशी अधिकाऱ्याला आणि क्लबला जे घडलं ते लिहून दिलं. घरी आई जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाली, "कुणाला माहीत नव्हतं, मग कशाला? तुझं करिअर आहे पुढे." फियोना म्हणाली, "मला माहीत होतं, मम्मी." आईने पुन्हा विषय काढला नाही. रविवारी चर्चमधून आल्यावर दोन मेणबत्त्या लावल्याचं तेवढं सांगितलं, एक हेन्रीसाठी आणि एक सबनीसांसाठी.

हारुननी तिला क्लबवर बोलावलं. हँगरमध्ये पिवळं विमान झाकून ठेवलं होतं. ती बोलणी खायच्या तयारीने गेली होती. पण ते रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त जड गेलं.

"बेटा," ते म्हणाले, "उस जहाज़ में मैं भी बैठा था."

तिला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस ती काकांचा विचार करत होती, काकूंचा करत होती, स्वतःचा करत होती. मागच्या सीटवरचा माणूस तिच्या हिशेबात आलाच नव्हता.

"नौ टो," हारुन म्हणाले, "नौ बार तुम्हें मालूम था और मुझे नहीं." मग लॉगबुक मागून घेतलं आणि स्वतःच्या सहीवर एक रेघ मारली. "एक सीज़न बंद. अक्टूबर में आना है तो आओ. एक नंबर से शुरू करेंगे. नहीं आना, तो भी मैं समझूँगा."

"नऊ नाही, कॅप्टन. पाचव्यापासून," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं की हे सांगण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळा गेला. शनिवारी ती उशिरापर्यंत पडून राहायची, उठली की करामाच्या रस्त्यांवरून उगाच फिरायची. त्या उडप्याच्या हॉटेलात तिने पाऊल टाकलं नाही. अपर्णाकाकूंना तिने तीन मेसेज पाठवले. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

ऑक्टोबरात ती क्लबवर गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. नोकरीसाठी तास हवे होतेच, पण तेवढ्यासाठी नाही. कदाचित ती गेली नसती तर हारुननी मारलेली रेघ तशीच राहिली असती, म्हणून. या वेळी मागे बसायला माणसं मिळाली. लोकांना कीव आली होती की भरवसा वाटला होता, तिने विचारलं नाही. एकेक टो झाला. आरसा क्षणभर जरी रिकामा दिसला तरी तिचा हात हँडलवर जायचा. सहाव्या टोला तिने विनाकारण दोर सोडला. ग्लायडर सुखरूप उतरला आणि त्यातला तरुण इंजिनीअर वैतागून काहीबाही बोलला. हारुन म्हणाले, "कोई बात नहीं. फिर से."

जानेवारीत तिचं क्वालिफिकेशन पूर्ण झालं. क्लबमध्ये कुणीतरी केक आणला होता. तिने एक तुकडा खाल्ला. घरी जाताना मेट्रोतून काकूंना मेसेज केला: काकू, माझं टो रेटिंग झालं. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

फोन आला चार दिवसांनी, दुपारी, ती ऑफिसातून बाहेर पडून बसस्टॉपवर उभी असताना. पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी पाण्याची मोटर लावली होती.

"फियोना? अपर्णाकाकू."

"काकू."

"मेसेज बघितला. बरं झालं." मग काकू म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. ते मला का नाही बोलले?"

"तुम्ही त्यांना जाऊ दिलं नसतं म्हणून."

"नसतंच दिलं." काकूंनी श्वास घेतलेला ऐकू आला. "त्या दिवशी, डिसेंबरात, घाबरले होते का गं?"

फियोनाला वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, या बाईला आता आपण आणखी काही लपवायचं नाही.

"हो. खूप. हात थरथरत होते. बाटली धरता येत नव्हती. मी पाजलं पाणी."

"एकतीस वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नाही," काकू म्हणाल्या. "माझं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा बाहेर बसून कोडी सोडवत होते. मला वाटायचं, या माणसाला भीतीच नाही. आणि तुला दिसली. मला दिसायला हवी होती गं. ती माझी होती."

बस आली. दार उघडलं. फियोनाने ड्रायव्हरला हाताने नको म्हणून सांगितलं.

"काकू, मला माफ कराल असं मी म्हणत नाही."

"ते मला अजून जमत नाही. खोटं कशाला बोलू?" काकूंनी नाक ओढलं. "पण तो दिवस मला सगळा सांग. काय घातलं होतं त्यांनी, काय म्हणाले, कुठे बसले. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माझ्याशी हसून बोलले, एवढंच मला माहीत आहे. त्याच्या आधीचं सांग."

फियोना बसस्टॉपच्या बाकावर बसली. करड्या रंगाचा शर्ट होता, ती म्हणाली, बाहीला शाईचा डाग असलेला. काकू म्हणाल्या, हो, तो माहीत आहे, तो डाग निघाला नाही. मग ग्लायडर कुठपर्यंत घरंगळत गेला ते तिने सांगितलं. काच कशी उघडली ते सांगितलं. काकू मध्येच थांबवून विचारत होत्या, उजवा हात की डावा, पाणी गार होतं की साधं, आणि ती आठवून आठवून सांगत होती. रस्त्यावर ऊन उतरत गेलं. तिची आणखी एक बस गेली.